प्रकरण चौदावं : रविवारचं तेल

लोवेलने खोक्यातून काडतुसांच्या चार डब्या काढून जेवणाच्या टेबलावर मांडल्या, तेव्हा मक्याच्या पावाचा तवासुद्धा अजून उचललेला नव्हता. निदान सगळ्यांचं ताक तरी पिऊन होऊ दे, असं ऑर्फा म्हणाली. पण ऐकेल तर तो लोवेल कसला. बत्तीस वर्षं शेतीसामानाच्या दुकानात बंदुकांच्या काउंटरमागे उभा राहिलेला माणूस. समोर कोणी बसलेलं दिसलं की त्याला ते गिऱ्हाईकच वाटतं, मग ती सख्खी आई का असेना.

त्याने ताटल्या बाजूला सारल्या, जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर बापाचं रिव्हॉल्व्हर ठेवलं. व्हर्जिलचं ते अडतीस नंबरचं, लाकडी मुठीचं. आत काही नव्हतं. त्यातली सहा जुनी काडतुसं शेजारी बशीत होती, आणि सहापैकी दोनांच्या बुडाला मधोमध एकेक खळगा पडलेला होता. घोडा आपटल्याशिवाय तसा खळगा पडत नाही. ऑर्फाने सकाळपासून त्या बशीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

टेबलाभोवती पाच जणं होती. लोवेल आणि त्याची बायको पेगी, गॅसच्या बाजूला. भावंडांत मधली रोंडा, जिल्ह्याच्या दवाखान्यातली नर्स, आईच्या उजव्या हाताला. आणि दाराजवळच्या खुर्चीवर, अंग चोरून, धाकटा ड्वाइट. अकरा वर्षांनी तो या टेबलाशी बसला होता. त्याने बीन्स दोनदा वाढून घेतले, हॅमला हात लावला नाही, आणि 'पुरे' आणि 'छान झालंय' यापलीकडे शब्द काढला नाही.

घोडं अडलं होतं ते असं. पंधरवड्यापूर्वी खोऱ्याच्या खालच्या टोकाला एस्टल हॅडिक्सच्या घरात भरदुपारी कोणीतरी शिरलं. तिच्या पाठदुखीची औषधं नेली आणि जाताना म्हातारीला ढकलून दिलं. शेरीफची गाडी यायला पन्नास मिनिटं लागली. टर्की फोर्क खोऱ्याच्या वरच्या अंगाला, जिथे ऑर्फा एकटी राहते, तिथे तर तासाच्या आत देवही पोचत नाही. म्हणून गुरुवारी लोवेल बापाचं रिव्हॉल्व्हर तपासायला आला, चक्री उघडली आणि बघतच राहिला.

"आई, ही दोन कोणी झाडली?"

मीच, असं ऑर्फाने सांगितलं. मंगळवारी मागच्या अंगणात बुंध्यावर मारून बघितली, उडलीच नाहीत. लोवेलने विश्वास ठेवला. ठेवणारच. जन्मात कधी खोटं न बोललेल्या बाईचं एक खोटं कोण तपासून बघतं?

बुंधा नव्हता. ते दार होतं, आणि दारामागे माणूस होता.

मंगळवारी पाचच्या सुमाराला बर्फ मिसळलेला पाऊस पडत होता. ऑर्फा सफरचंदं सोलत होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, एप्रिलमध्ये उजव्याचं ऑपरेशन व्हायचंय. तोवर तिला माणूस म्हणजे नुसता एक करडा डाग. मागच्या पायरीवर पाऊल वाजलं. या खोऱ्यात घरची माणसं मागच्या दाराने येतात, आणि येताना अंगणातूनच हाळी देतात. पुढचं दार पाद्र्याचं, पोलिसाचं आणि शवपेटीचं. मागून येऊन हाळी न देणारा माणूस तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. कुलपात काहीतरी खरवडलं. मूठ फिरली. तिने पिठाच्या खणातून रिव्हॉल्व्हर काढलं, काचेपलीकडच्या डागावर धरलं आणि चाप ओढला. टक. पुन्हा ओढला. पुन्हा टक.

मग तो डाग जागच्या जागी उभा राहिला. किती वेळ, ते तिला सांगता येणार नाही. मग पावलं उतरून गेली. अर्ध्या तासाने तिने दार उघडलं तर पायरीवर एक चावी होती. बुटाच्या लाल नाडीत ओवलेली. ती नाडी तिनेच ओवली होती, ड्वाइट पहिलीत असताना, त्याच्या गळ्यात घालायला. ऑर्फा तिथेच ओल्या पायरीवर बसली.

आणि शुक्रवारी रोंडाचा फोन. ड्वाइटला रविवारी जेवायला घेऊन येतेय. शरद ऋतूपासून तो जिल्ह्यातच आहे, लाकडाच्या गिरणीत काम करतो, चार वर्षं झाली, त्याने त्या नशेच्या औषधांना शिवलेलं नाही. तुला म्हणून सांगते आई, मी त्याला भेटत असते. ऑर्फा 'बरं' म्हणाली.

आता तो समोर बसला होता आणि त्याला काय ठाऊक आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. टक हा त्याला कुलपाचा आवाज वाटला असेल का? काचेतून आतलं दिसलं असेल का? चावी अॅप्रनच्या खिशात होती, दर थोड्या वेळाने ती वरून चाचपत होती. बोलावं, तर आपल्या तोंडाने लेकाला सांगायचं की तुझ्यावर आईने बंदूक चालवली. न बोलावं, तर संध्याकाळच्या आत लोवेल त्या चक्रीत अशी सहा काडतुसं भरणार, की जी दगा देत नाहीत. आणि एप्रिल अजून लांब होता.

"तर बघ," लोवेलने सुरुवात केली. बशीतलं एक काडतूस उचलून त्याने सगळ्यांना दाखवलं. ही बाबांची गोळी. गोल नाकाची, शिशाची, आजोबांच्या काळची तऱ्हा. ही माणसाच्या आरपार जाते, मागची भिंतही भेदते, आणि माणूस मात्र चालत राहतो. म्हणजे नको तिथे जाते आणि हवं ते करत नाही. हिला आता घरासाठी कोणी घेत नाही. त्याने पहिली डबी उघडली. ही पोकळ नाकाची. आत गेली की उमलते आणि तिथेच थांबते. पलीकडच्या खोलीतल्या माणसाला धोका नाही.

"जेवणाच्या टेबलावर 'उमलते' म्हणू नकोस, लोवेल," पेगी म्हणाली. "फुलं विकतोयस का तू?"

दुकानात सगळे तसंच म्हणतात, असं लोवेल म्हणाला. दुकानात तुझ्यासमोर हॅम नसतो, असं पेगी म्हणाली. रोंडा हसली, मग तिने हसू आवरलं. दवाखान्याच्या तातडीच्या विभागात एकवीस वर्षं काढलेल्या बाईला उमललेलं काय दिसतं ते माहीत होतं.

दुसरी डबी त्याहून जोरदार, जास्त दारूची. ती आईला नको, हे लोवेलने स्वतःच कबूल केलं. नुसती दाखवायला आणली होती. तिसरी मधली. त्यावरून रोंडाने वाद घातला. तिने ऑर्फाचा हात उचलून टेबलावर ठेवला, संधिवाताने वाकडी झालेली बोटं एकेक करून दाखवली, आणि म्हणाली की या हातातून तुझी मधलीसुद्धा उडी मारेल. पहिली छताला लागेल, दुसरी झाडायला हात उरणार नाही. त्यापेक्षा चौथी डबी दे. सपाट तोंडाची, हलकी, लोक निशाणावर सराव करायला वापरतात ती. धक्का कमी, आवाज कमी, नेम लागेल.

"सराव करायला आणि जीव वाचवायला एकच काडतूस?" लोवेल म्हणाला.

"न लागलेल्या भारीपेक्षा लागलेली हलकी बरी. हे तूच सांगतोस ना बायकांना काउंटरवर?"

खरोखरच लोवेल तसं सांगतो. त्याने चौथी डबी पुढे ओढली. बहीणभाऊ एकाच बाजूला बसलेले ऑर्फाने कितीतरी वर्षांत पाहिले नव्हते, आणि तेही तिच्यासाठी काडतूस निवडताना. एरवी रोंडा दर महिन्याला 'आई, शहरात चल' म्हणून मागे लागते. आज चकार शब्द नाही. कारण उघड होतं. धाकट्याला तिने आणलं होतं, म्हणून थोरल्याला आज दुखवायचं नव्हतं. त्यामुळे एरवी रोंडा बोलायची ते सगळं आज पेगीला बोलावं लागत होतं.

"डोळ्यांचं कोणी बोलतच नाहीये," पेगी म्हणाली. "पोकळ द्या, सपाट द्या. आई, तुम्हाला मी इथून दिसते का? माझा चेहरा?"

दिसतेस की, असं ऑर्फा म्हणाली. कुठल्या रंगाचा ब्लाउज घातलाय मी? ऑर्फाने अॅप्रनच्या सुरकुत्या सारख्या केल्या. पेगीने नवऱ्याकडे पाहिलं. चोर दारात उभा राहून स्वतःचं नाव सांगणार आहे का, असं लोवेलने विचारलं. आकार दिसला की पुरे, आपल्या घरात आपल्याला न सांगता शिरलेला माणूस म्हणजे चोरच. हे वाक्य बोलताना त्याने दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं नाही, पण पाहिल्यासारखंच झालं.

ते वाक्य त्याचं नव्हतंच. व्हर्जिलचं होतं. अकरा वर्षांपूर्वी याच स्वयंपाकघरात, खाणीत पाठ मोडून घेतलेल्या आणि त्या दुखण्याच्या औषधांनी पोखरलेल्या पोराने आजोबांची रायफल विकून टाकली, तेव्हा व्हर्जिलने दार उघडून धरलं होतं आणि म्हणाला होता, पुन्हा या दारात न सांगता दिसलास, तर चोराला वागवतात तसं वागवीन. ऑर्फा सिंकपाशी होती. हातात एक पातेलं होतं. ते पातेलं स्वच्छ असूनही मोटार निघून जाईपर्यंत ती घासत राहिली. पाठमोरी राहिली. वळून 'अहो, पोर आहे आपलं' एवढं म्हणायला काही फार लागत नव्हतं. व्हर्जिल जाऊन सहा वर्षं झाली. माणूस गेला आणि त्याचा शब्द मात्र घरात राहिला, जुन्या कॅलेंडरसारखा, काढायचं कोणाला सुचलं नाही.

"एस्टलकडे शिरला तो माहीतगार होता," लोवेल बोलतच होता. "औषधं कुठल्या खणात, हे त्याला ठाऊक होतं. परका नाही तो. डोंगरातलाच कोणी औषधांचा गुलाम."

"त्या दिवशी मी गिरणीत होतो," ड्वाइट म्हणाला. आवाज चढवला नाही. "सहा ते चार. मालकाला विचार."

"मी तुझं नाव घेतलं का? चोराच्या मनात चांदणं."

रोंडाने हातातला चमचा खाली ठेवला. "लोवेल, बस."

"बस काय? आईच्या उशाशी काय ठेवायचं ते मी ठरवतोय, आणि कोणापासून ठेवायचं ते बोलायचं नाही?"

इथे पेगी मधे पडली, आणि नवऱ्याच्या बाजूने नाही. जेवायला बोलावलेल्या माणसाला घास गिळू द्यावा एवढी रीत माझ्या माहेरी होती, असं ती म्हणाली, कोणाकडेही न बघता. लोवेलचा चेहरा लाल झाला. बायकोचं उत्तर बायकोला देता येत नाही तेव्हा माणूस मेलेल्या बापाकडे वळतो. तसा तो वळला.

"सगळ्याचं मूळ बाबा," तो म्हणाला आणि बशी पुढे घेतली. "दर रविवारी चर्चहून आलं की वर्तमानपत्र पसरायचं. बंदुकीला तेल. ठीक. पण काडतुसांना कोण तेल लावतं? एकेक काढायचं, तेलाच्या फडक्यात घोळायचं, बूड पुसायचं, परत भरायचं. तीच सहा, वर्षानुवर्षं. बुडाच्या टोपीत, जिथे ठिणगी पडते तिथे, तेल मुरलं की काडतूस मेलं. एखादं नाही मरत, पण इतकी वर्षं?"

मग त्यांना कोणी सांगितलं का नाही, असं पेगीने विचारलं. मी सांगितलं होतं, लोवेल म्हणाला. एकदा. त्यावर बाबा म्हणाले होते, तू विकायचं काम कर, राखायचं मी बघतो. नंतर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. एवढं म्हणून तो थोडा हसला, आणि त्या हसण्यात कितीतरी वर्षांचं काहीतरी होतं.

"आणि ते गेल्यावर तू चालू ठेवलंस," तो आईला म्हणाला. रागावून नाही.

ठेवलं होतं. सहा वर्षं, दर रविवारी. फडकंही तेच, व्हर्जिलच्या शर्टाचं. तिला बंदुकीतलं काही कळत नाही. तिला एवढंच कळत होतं की रविवारी दुपारी टेबलावर तेलाचा वास आला नाही, तर घर फार रिकामं वाटतं. जरा सढळ हातानेच लावायची. तो नसताना त्याचं काम कमी पडलं असं व्हायला नको.

"मंगळवारी झाडून बघितलं हे बरं केलंस बाई," लोवेल म्हणाला. "खरी वेळ आली असती, तर टक टक करत राहिली असतीस."

"मंगळवारी बर्फाचा पाऊस होता," ड्वाइट म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग काय झालं, असं लोवेलने विचारलं. काही नाही, तो म्हणाला. पाऊस होता, एवढंच.

ऑर्फाने खिशावरून चावी दाबून धरली. बर्फाच्या पावसात कोणती म्हातारी अंगणात बुंध्यावर नेम धरायला जाते? लोवेलला ते सुचलं नाही, आपल्याच तोऱ्यात होता. पण ड्वाइट आता ताकाच्या ग्लासाकडे बघत होता आणि त्याचा अंगठा ग्लासाच्या काठावरून फिरत होता. लहानपणी मार खाण्याआधी तो असाच अंगठा फिरवायचा. तेवढं तिला मोतीबिंदूतूनही दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं.

पेगीला वाटलं, आता पोराला बोलतं करावं. "ड्वाइटला विचारा की. त्याचीही आईच आहे ना?"

"हो हो, सांगा साहेब," लोवेल म्हणाला आणि चारही डब्या त्याच्यापुढे सरकवल्या. "आईच्या बंदुकीत कुठली घालू?"

ड्वाइटने डब्यांना हात लावला नाही. त्याने बशीतून एक काडतूस उचललं, खळगा पडलेलं, आणि बोटांत फिरवून पाहिलं. त्याच्या हातांवर गिरणीचे ओरखडे होते, एका बोटाचं टोक नव्हतं. ते गेलंय हेच ऑर्फाला माहीत नव्हतं. पोराचं बोट तुटतं आणि आईला पत्ता नसतो.

"हीच राहू दे," तो म्हणाला.

"अरे, ही मेलेली आहेत. इतका वेळ काय सांगतोय मी?"

"असू दे. आईच्या सवयीची आहेत."

आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. चेहरा तिला दिसला नाही, पण त्या आवाजात राग नव्हता. त्यात एवढंच होतं की मी बोलणार नाही, तू घाबरू नकोस. तेव्हा तिला कळलं की त्याला सगळं ठाऊक आहे. ठाऊक असून तो आलाय, त्या दारातून आत शिरताना पायपुसण्यावर इतका वेळ बूट पुसत होता तो त्यासाठीच, आणि ठाऊक असूनच त्याने बीन्स दोनदा मागून घेतले. अकरा वर्षांपूर्वी ती गप्प बसली होती, ते स्वतःला वाचवायला. आज तो गप्प बसणार होता, तिला वाचवायला. हे मात्र तिला सोसवेना.

"बुंधा नव्हता," ऑर्फा म्हणाली.

कोणाला कळलं नाही. लोवेल डबीचं झाकण लावत होता. तिने अॅप्रनच्या खिशातून चावी काढली आणि वर्तमानपत्रावर ठेवली, लाल नाडीसकट. रोंडाने ती नाडी ओळखली. तिचा हात तोंडाशी गेला.

"मंगळवारी तो आला होता. मागच्या दाराने. मी काचेतून त्याच्यावर धरलं आणि ओढलं. उडलं नाही, म्हणून पुन्हा ओढलं."

लोवेलने बशीकडे पाहिलं. एक खळगा, दुसरा खळगा. काउंटरवर रोज शेकडो काडतुसं हाताळणारा माणूस, पण ही दोन उचलायला त्याचा हात पुढे होईना.

"तुला दिसत नव्हतं आई," रोंडा म्हणाली. "तू घाबरली होतीस. हाळी दिली नाही त्याने, पाऊस होता, डोळे..."

"पहिल्या वेळी घाबरले होते," ऑर्फा म्हणाली. तिला थांबायचं नव्हतं. थांबली असती तर पुढचं कधीच बोलली नसती. "मग त्याने मुठीपाशी दार जरा वर उचललं आणि खांदा लावला. थंडीत फुगतं ना ते. वर उचलल्याशिवाय कुलपात चावी फिरत नाही. हे आपल्याखेरीज कोणाला माहीत आहे? तुम्ही दोघं असतात तर हाळी दिली असतीत. हाळी न देता येणारा एकच उरला होता. मला वाटलं, ड्वाइट असेल. वाटलं, औषधांसाठी आला असेल. आणि तरी मी दुसऱ्यांदा ओढलं."

पेगीने डोळे मिटून घेतले होते. ऑर्फा धाकट्याकडे बघत होती, त्या करड्या डागाकडे. तो उठून गेला असता तरी तिने त्याला दोष दिला नसता. तिला रडूही येत नव्हतं. रडण्याचा हक्क त्याचा होता.

"दोन्ही ऐकले मी," ड्वाइट म्हणाला. "पहिला कुलपाचा वाटला."

"मग आज आलास कशाला?" ऑर्फाने विचारलं.

"रोंडा म्हणाली, बीन्स आहेत."

रोंडा हसायला गेली आणि तिचं रडूच फुटलं. ड्वाइटने हातातलं काडतूस बशीत परत ठेवलं, इतरांच्या शेजारी, नीट, लोळू नये म्हणून धरून.

"चूक माझीही आहे. अंगणातून हाक मारायला हवी होती. तीनदा तोंड उघडलं, आवाजच निघेना. अकरा वर्षं झाली ना. काय म्हणून हाक मारायची?" तो थांबला. "आत यायचंच नव्हतं मला. नुसतं बघायचं होतं, कुलूप बदललंय का."

"नाही बदललं," ऑर्फा म्हणाली.

"हो. फिरली चावी."

व्हर्जिलने त्याच आठवड्यात नवं कुलूप आणलं होतं. ऑर्फाने ते पिंपाच्या तळाशी, बटाट्यांखाली लपवलं. कुठे गेलं म्हणून तो महिनाभर शोधत होता आणि शेवटी विसरला. सबंध संसारात नवऱ्याच्या विरोधात तिने केलेली ती एकच गोष्ट. ती तिने कोणाला सांगितली नव्हती, आताही सांगितली नाही. सांगून काय, एका हाताने कुलूप राखलं आणि दुसऱ्याने ते केलं.

तिने चावी त्याच्या ताटलीपाशी सरकवली. घे, असं म्हणाली. तुझीच आहे. त्याने नाडी बोटाभोवती एकदा गुंडाळली, सोडली, आणि चावी तिच्याकडे परत केली.

"ठेव तुझ्याकडे. मी पुढच्या दाराने येत जाईन, आई. कडी वाजवून. नाव सांगून."

"पुढच्या दाराने पाहुणे येतात," ऑर्फा म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला. त्याने डोक्यावर टोपी घातली. वहिनीला म्हणाला, जेवण छान होतं. रोंडा पर्स घेऊन धडपडत उठली, पण त्याने मान हलवली, चालत जातो म्हणाला, वाटेत कोणीतरी गाडीत घेईल. मग तो मागच्या दाराकडे न वळता बैठकीच्या खोलीत गेला.

पुढचं दार व्हर्जिलची पेटी बाहेर नेली त्यानंतर उघडलेलं नव्हतं. ओलीने चौकट धरली होती. ड्वाइटने ओढलं, हललं नाही. पुन्हा ओढलं. स्वयंपाकघरात बसलेल्यांना ते सगळं ऐकू येत होतं. तेव्हा लोवेल उठला. पुढच्या दाराशी गेला. दोघा भावांनी मिळून दार ओढलं तसं ते कुरकुरत सुटलं आणि थंड वारा टेबलापर्यंत आला, वर्तमानपत्राचा कोपरा फडफडला. ते दोघं दारात काही बोलले की नाही, ते ऑर्फाला कळलं नाही. ओसरीवरून बूट उतरल्याचं मात्र तिने ऐकलं, आणि रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकत राहिली.

लोवेल परत आला तेव्हा पेगी आणि रोंडा भांडी गोळा करत होत्या. ऑर्फा जागची हलली नव्हती. तिने व्हर्जिलच्या शर्टाचं फडकं मांडीवर घेतलं होतं आणि ती टेबलावर चाचपडत काहीतरी शोधत होती. लोवेल टेबलाशी आला. मग त्याने आपल्या चारही डब्या एकेक करून खोक्यात भरल्या, खोक्याचं तोंड बंद केलं, खोकं खुर्चीखाली सरकवलं. फडताळावरून तेलाची बाटली काढली, बूच उघडलं आणि बाटली आईच्या हाताला लागेल अशी ठेवली.

तिने खळगा पडलेली दोन आधी घेतली. बुडाशी तेल सोडलं, फडक्यात घोळली, पुन्हा सोडलं. तेल बोटांवरून ओघळून वर्तमानपत्रात मुरत चाललं. मग उरलेली चार.

"आई, जास्त होतंय," लोवेल सवयीने म्हणाला, पण बाटली मागे घेतली नाही.

"होऊ दे," ऑर्फा म्हणाली, आणि बाटली पुन्हा वाकडी केली.